फुलीचे गाळे

"फुली दिसली की पाडायचं. विचारत बसायचं नाही. ज्यानं बांधलं त्यानंच पाडायचं, आणि आजचं आजच."

मामंजींनी हे सांगितलं तेव्हा मधल्या सुनेला या घरात येऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. स्वयंपाकघराची मागची भिंत नुकतीच उभी राहिली होती. धाकट्या दिरानं, वयाच्या सतराव्या वर्षी, कुणाची मदत न घेता बांधलेली ती पहिली भिंत. मामंजी आखूड दांड्याची हातोडी घेऊन आले आणि कान भिंतीजवळ नेऊन खालून वर टक् टक् करत गेले. एका जागी थांबले. नव्या सुनेला म्हणाले, "ये गं, ऐक. इथं कशी वाजते?"

"खणखणीत."

"जित्ती आहे. आणि इथं?"

"बद्द," ती म्हणाली. आपल्याला हा शब्द ठाऊक आहे हे तिलाही त्याच क्षणी कळलं.

"बद्द. म्हणजे आत काहीतरी खोटं आहे." त्यांनी खिशातून खडू काढला, तिथं फुली मारली आणि धाकट्याच्या हातात घण दिला. पोरानं रडत रडत भिंत पाडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधली. बावीस वर्षं झाली, तीच भिंत अजून उभी आहे.

आता मामंजी गेले त्याला चार महिने झाले होते, आणि रविवारी दुपारी त्यांच्याच बैठकीच्या खोलीत त्यांचंच कुटुंब एका कागदाभोवती बसलं होतं.

टेबलाशी सहा खुर्च्या होत्या, त्यांतली एक बुटकी. ती नेहमी मधलीच्या नवऱ्याच्या वाट्याला यायची, आणि तोही कधी तक्रार करायचा नाही. त्याचं फरशीचं दुकान होतं आणि "बघू" हा आवडता शब्द होता. समोर दादा बसले होते. घरात थोरले, बाहेर नगरसेवक, दीड महिन्यावर आलेल्या निवडणुकीत चौथ्यांदा उभे. त्यांच्याशेजारी मोठ्या जाऊबाई. खिडकीशी धाकटे भाऊजी उभे होते. मंडईची नवी इमारत बांधणारे ठेकेदार ते हेच. आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत आत्याबाई, मामंजींची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, दात दोन, पण जीभ पूर्वीचीच. धाकट्या जाऊबाईंना मुद्दामच बोलावलं नव्हतं. तिच्या तोंडाला झाकण नाही असं मोठ्या जाऊबाईंचं मत होतं.

"मी वाचतो," दादांनी चष्मा लावला. "'आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की, आमचे दिवंगत वडील, ज्यांना सारं गाव मिस्त्री म्हणून ओळखत असे, त्यांनी मृत्यूपूर्वी नव्या मंडईचे वीसही खांब आमच्या समक्ष स्वतः हातोडीनं तपासले आणि पसंतीची खूण म्हणून खांबांवर फुल्या मारल्या.' बास. चार ओळी. तीन सह्या. माझी, धाकट्याची आणि," त्यांनी कागद मधलीकडे सरकवला, "हिची."

"माझी कशाला?" मधलीनं विचारलं.

"अगं, कारण त्या दिवशी बाबांचा दंड धरून तूच होतीस. गाळे विकायच्या पत्रकावरच्या फोटोत तूच आहेस. आणि आम्ही दोघं पडलो कामातली माणसं. मी नगरसेवक, हा ठेकेदार. आमच्या सहीला ती इंजिनिअर बाई विचारणार नाही. तू सून. तुला ना ठेका, ना खुर्ची. तुझी सही खरी."

ती इंजिनिअर बाई म्हणजे नगरपालिकेत नव्यानं आलेली. मागच्या आठवड्यात मंडईच्या छताचा ताटाएवढा तुकडा निखळून रखवालदाराच्या खांद्यावर पडला होता. रखवालदाराचं हाड मोडलं. त्याला दवाखान्यात नेलं, गोड बोललं गेलं, आणि तो गप्प बसला. पण बाईनं फाईलवर लिहिलं की खांब तपासल्याशिवाय उद्घाटन करू नये. उद्घाटन उद्या सकाळी दहाला होतं. नगराध्यक्षांनी मधला मार्ग काढला होता. मिस्त्रींच्या घरच्यांनी लेखी दिलं, तर बाईचा शेरा तात्पुरता बाजूला ठेवता येईल. मिस्त्रींच्या शब्दाबाहेर गाव जाणार नाही. कागद न्यायला माणूस पाच वाजता येणार होता.

"दोन वर्षं झाली नाहीत बाईला नोकरीला लागून," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "आणि म्हणे मिस्त्रींचं काम तपासणार."

"मिस्त्रींचं नाही, माझं," धाकटे भाऊजी खिडकीतूनच म्हणाले. एवढंच बोलले.

"तेच ते. एकाच घरचं."

आत्याबाईंनी आरामखुर्चीतून मान काढली. "लवकर सह्या करा बाबांनो. मला माझा गाळा बघायला जायचंय. बारा वर्षं साठवलेलं आहे त्यात. घरात सोनं ठेवलं तर चोराची भीती, बँकेत ठेवलं तर महागाई खाते, आणि भावाच्या पोरांना दिलं तर..." त्या थांबल्या. "ते जाऊ दे. गाळ्याला मात्र भाडं येतं. मी तर बाई अर्ध्या गल्लीला सांगितलं, डोळे मिटून पैसे भरा."

"डोळे मिटूनच भरले सगळ्यांनी," मधलीचा नवरा म्हणाला. तो विनोद होता की काय, ते कुणाला कळलं नाही, बहुधा त्यालाही नाही.

मधली कागदाकडे बघत होती. 'पसंतीची खूण' या दोन शब्दांवर तिची नजर अडकली होती.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. मामंजींना झटका येऊन दीड महिना झाला होता. वाचा गेली होती, उजवा हात गेला होता. तरी डाव्या हातानं हातोडी दाखवत, हुं हुं करत, त्यांनी तिला मंडईत न्यायला लावलं. गिलावा व्हायचा होता, खांब उघडेच होते. एकीकडे माल कालवायचं यंत्र घरघरत होतं. मामंजी एकेका खांबाशी कान नेत आणि वाजवत. तिनंही ऐकलं. तिसरा बद्द. सातवा बद्द. आठवा, अकरावा, पंधरावा, एकोणिसावा. सहा ठिकाणी त्यांनी डाव्या हातानं वाकड्यातिकड्या फुल्या मारल्या. धाकटे भाऊजी मागेच उभे होते. म्हणाले, "होय बाबा. बघतो मी." नगरपालिकेच्या माणसानं फोटो काढला. चार दिवसांनी ती डबा घेऊन गेली, तर सगळे खांब गिलावा होऊन गुळगुळीत झाले होते. तिला वाटलं, सहा खांब पाडून पुन्हा उभे केले असतील. चार दिवसांत सहा खांब उभे राहत नाहीत, हे मिस्त्र्याच्या सुनेला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण माणसाला जे कळून घ्यायचं नसतं ते कळायला फार वेळ लागतो.

नवऱ्याला एकदा विचारलं होतं तिनं, "फुल्यांचं काय झालं हो?" तो म्हणाला होता, "धाकट्यानं बघितलं असेल. बघू." तिनंही मग ते तिथंच सोडलं.

शेवटच्या आठवड्यात मामंजींनी उशीखालून खडूचा तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला, डाव्या हातानं तिची मूठ मिटली, आणि चादरीवर बोट फिरवलं. एक रेघ अशी, एक रेघ तशी. तीन तीनदा. डोळे तिच्यावर रोखलेले. "हो मामंजी," ती म्हणाली होती, "मी बघते. शब्द देते." तेव्हा कुठं त्यांनी डोळे मिटले. तो खडू तिनं त्यांच्या हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीत, हातोडीशेजारी ठेवला. रोज पहाटे हात जोडताना ती पेटी तिला समोर दिसायची, आणि रोज ती डोळे मिटून घ्यायची.

"दादा," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. या घरात तिचं बोलणं पुष्कळदा दोनदा सांगावं लागायचं. "दादा, एक विचारू? फुली म्हणजे काय?"

"म्हणजे?"

"मामंजींनी फुली मारली, त्याचा अर्थ काय?"

दादा मोठ्यानं हसले. "ऐका! वीस वर्षं मी गल्लोगल्ली ओरडतोय, 'फुली मारा, आपला माणूस निवडा', आणि माझ्याच घरात विचारतात, फुली म्हणजे काय! अगं, मतपत्रिकेवर आवडत्या माणसापुढं काय मारतात? फुली म्हणजे पसंती. फुली म्हणजे होकार. त्या फोटोखाली मीच तर ओळ लिहिली, 'मिस्त्रींची फुली, मंडई खुली.'"

"काय पण यमक," आत्याबाई हसल्या. मोठ्या जाऊबाई हसल्या. मधलीचा नवराही सवयीनं हसला.

खिडकीतला माणूस मात्र हसला नाही.

मधलीनं त्याच्याकडे बघितलं. तो बाहेर रस्त्याकडे बघत होता, पण त्याचे कान लालेलाल झाले होते, सतराव्या वर्षी झाले होते तसेच.

"दादा लहानपणीच शिकायला बाहेर गेले," ती म्हणाली. "त्यांनी घमेलं उचललं नाही. त्यांना माहीत नसणं शक्य आहे. पण भाऊजी, तुम्हाला माहीत आहे. स्वयंपाकघराची मागची भिंत आठवते?"

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत होतं, तिच्या एका चाकाची कुरकुर जवळ येत होती.

"धाकट्या," दादा म्हणाले. "काय भानगड आहे?"

"काही नाही."

"काही नाही तर तोंड इकडं कर."

धाकट्यानं तोंड वळवलं. "फुली म्हणजे पाड," तो म्हणाला. "बाबांच्या भाषेत. जिथं बद्द वाजेल तिथं फुली. फुली म्हणजे हे खोटं आहे, पाडून पुन्हा कर."

"सहा खांब?" दादांनी विचारलं.

"सहा. वाळू खराब आली होती त्या आठवड्यात. मालही नीट बसला नाही, आत पोकळ राहिलं. मी तेव्हाच... दादा, तूच म्हणालास ना की निवडणुकीच्या आत मंडई उघडली पाहिजे? रोज फोन. आज किती झालं, उद्या किती होईल. पाडायला घेतले असते तर तीन महिने गेले असते. मी त्याच संध्याकाळी गिलावा मारला."

"आणि मी फुल्या छापत बसलो!" दादा उठून उभे राहिले. "दोन हजार पत्रकं! तुला तोंड नव्हतं? तुझ्यासमोर छापलं ते सगळं!"

"तू इतका खूश होतास," धाकटा म्हणाला. "आणि लोक पैसे भरत होते. मला वाटलं, देवच पांघरूण घालतोय आपल्यावर."

तेवढ्यात दारावर थाप पडली. मोठ्या जाऊबाईंनी कागदावर चटकन वर्तमानपत्र टाकलं. दारात शिंपीणबाई उभी होती, गल्लीच्या टोकाला राहणारी. मागं हातगाडीवर तिचं शिलाईचं यंत्र दोरीनं बांधलेलं. चेहरा घामानं आणि आनंदानं चमकत होता.

"आत येत नाही, गाडी उभी आहे. म्हटलं यंत्र लावायला निघालेच आहे तर मिस्त्रींच्या घरी सांगून जावं. सात नंबर मिळाला मला, दादासाहेब! सातव्या खांबाशेजारचा, फुलीचा गाळा! सगळे म्हणत होते, फुलीच्या गाळ्याला जास्त पैसे पडतात, साधा घे. पण मी म्हटलं, मिस्त्रींनी हात लावलेला खांब पाठीशी असला की कसली चिंता? हातातली दोन्ही कडी मोडली, पण घेतलाच." तिनं मोकळं मनगट हलवून दाखवलं, जणू तेही दागिन्यासारखंच मिरवायचं. "मुलीही येणार उद्या दोघी. काजं-बटणं त्याच करतात."

"छान, छान," दादा म्हणाले. "भेटू उद्या."

"या हं मधल्या वहिनी तुम्ही. पहिला टाका तुमच्या ब्लाउजचा घालीन."

ती गेली. हातगाडीचं चाक कुरकुरत गल्लीच्या तोंडाशी गेलं. मधलीला वाटलं, आता दादा काहीतरी बोलतील. ते बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. आत्तापर्यंत जे घडलं ती चूक होती. एकाला भाषा कळली नाही, दुसऱ्याला बोलायचा धीर झाला नाही. चूक कुणाच्याही घरी होते. पण चुकीला चूक म्हणायची वेळ येते, आणि ती वेळ फार वेळ दारात थांबत नाही.

दादा पुन्हा खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. वर्तमानपत्र बाजूला केलं.

"बरं. आता कळलं. पण कळून आता करायचं काय? उद्या दहाला पाहुणे येणार. चौसष्ट गाळ्यांचे पैसे भरून झालेत, आणि ते पैसे सळई-सिमेंटात गेलेत. परत कुठून देणार? या घरावर बँकेचा बोजा आहे, धाकट्याच्या कामासाठी. मंडई थांबली की धाकटा आत जाईल, मी पडेन, आणि हे घर, बाबांनी बांधलेलं, लिलावात जाईल. निवडणूक होऊ द्या. मग एकेक खांब गुपचूप दुरुस्त करू. बाहेरून लोखंडी पट्टे घालता येतात. येतात ना रे?"

"येतात," धाकटा म्हणाला. पण तो शब्दही बद्दच वाजला.

"तोवर?" मधलीनं विचारलं.

"तोवर काय होणार आहे? चार महिने उभेच आहेत ना खांब?"

"रिकाम्या इमारतीत उभे आहेत. उद्या वर माल भरेल, खाली माणसं भरतील."

"अगं, तू काय इंजिनिअर आहेस?" मोठ्या जाऊबाई कळवळून म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. मधलीच्या बाळंतपणात रात्ररात्र जागल्या होत्या. "तुझी लेक परगावी शिकतेय, तिची फी कोण भरतंय? दादाच ना? तिची अजून दोन वर्षं आहेत. घर एकदा कोसळलं ना, की पुन्हा उभं राहत नाही गं."

"तेच म्हणतेय मी, जाऊबाई."

"शब्दात पकडू नकोस."

आत्याबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत इतक्या गप्प क्वचितच राहिल्या असतील. त्यांनी काठी जमिनीवर आपटली, आणि मधलीनं आशेनं मान वर केली. आत्याबाईंनीच मामंजींना लहानपणी विटा पुरवल्या होत्या. त्यांना फुली माहीत होती. पत्रकावरचा फोटो पाहून त्यांनीही काहीतरी ओळखलं असेल, आणि आता त्या बोलतील.

"धाकट्या," आत्याबाई म्हणाल्या, "माझा आठ नंबर. तो त्यातलाच ना?"

"हो आत्या."

"मग तेवढा बदलून दे मला. दाराजवळचा दे एखादा. साधा चालेल."

मग दादांनी खिशातून यादी काढली. "दोन नंबर बदलता येईल," ते म्हणाले. "दोन नंबरवाला चष्म्याचं दुकान टाकणार आहे. त्याला आठ देऊ. फुलीचा म्हटल्यावर उडी मारून घेईल."

"फरकाचे पैसे मात्र त्याच्याकडून घ्या," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला. "काय करू? मी म्हातारी. मला आता दुसरी बारा वर्षं नाहीत."

मधलीनं भाऊजींकडे बघितलं, दादांकडे बघितलं. यादीवर पेन्सिलीनं दोनाचा आठ आणि आठाचा दोन झाला होता. किती सहज. शिंपीणबाईच्या सातावर मात्र पेन्सिल फिरली नाही. ती कुणाची आत्या नव्हती.

मामंजी म्हणायचे, पाया जमिनीत असतो, म्हणून त्याचं कौतुक कुणी करत नाही, आणि म्हणूनच त्यात चोरी करणं सोपं असतं. तिला वाटायचं ते इमारतीबद्दल बोलतात.

"सही कर," तिचा नवरा खाली बघत हळूच म्हणाला. "तू काही लिहिलेलं नाहीस. तू फक्त सही करायचीस. खालीच तर करायची."

"त्यांनी पसंती दिली असं लिहिलंय त्यात."

"लिहिलंय दादानं."

"आणि खाली नाव माझं."

"बघू..." तो म्हणाला.

दादांनी पेन तिच्यापुढं ठेवलं. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता, सभेत शेवटी हात जोडताना व्हायचा तसा. "हे बघ. तुझ्याशिवाय या घरात बाबांचं कुणी केलं नाही. मी मान्य करतो. नगराध्यक्षांना सांगून मंडईला नाव बाबांचं लावतोय. दगडावर कोरलंय, उद्या पडदा उघडला की दिसेल. त्यांचंच नाव पुसायचं का तुला?"

"सहा खांबांवरचं तर पुसलंच की आपण, दादा."

तिनं पेन उचललं नाही. ढकलून दिलं असंही नाही. ते जिथं होतं तिथंच राहिलं, कागदावर आडवं.

दादांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, तोच मोठ्या जाऊबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तिला जरा एकटं सोडा. पाच वाजायला दीड तास आहे. मी ओळखते तिला, तिला वेळ लागतो. शेवटी घरचीच आहे." आणि मधलीला म्हणाल्या, "जा, तोंडावर पाणी मार. मी चहा टाकते."

मधली उठली. बावीस वर्षांत या खोलीतून ती किती वेळा अशी उठून आत गेली होती, आणि दर वेळी बाहेर येताना हातात चहाचा ट्रे असायचा.

स्वयंपाकघर ओलांडून ती मागच्या पडवीत गेली. तोंडावर पाणी मारलं. त्या मागच्या भिंतीवर तिनं सहज बोटाचं पेर वाजवलं. मग मामंजींची पत्र्याची पेटी उघडली. ओळंबा, थापी, दोरीचं रीळ, आणि तळाशी आखूड दांड्याची हातोडी. तिच्या मुठीत ती बरोबर बसली. दांडा अशा ठिकाणी झिजला होता की दुसरीकडं धरताच येत नव्हता. खडूचा तुकडा एका बाजूनं ओलसर झाला होता. तिनं तो पदराच्या टोकात बांधला, म्हणजे घामानं आणखी भिजणार नाही.

आतून दादांचा आवाज येत होता, मग धाकट्याचा, मग दोघांचा एकदम. चहाचं आधण उकळत होतं. लेकीची फी, हे घर, स्वयंपाकघराची ही भिंतसुद्धा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. यातलं काही उद्या राहील असं तिला वाटत नव्हतं. भीती गेली होती असंही नाही. फक्त भीती आणि पाय यांचा संबंध सुटला होता.

मागच्या दाराशी, उंबऱ्यावर, तिचा नवरा बसला होता. तो कधी येऊन बसला तिला कळलं नव्हतं. त्यानं तिच्या हातातली हातोडी बघितली. बराच वेळ बघितली.

"मी जरा जाऊन येते," ती म्हणाली.

तो 'बघू' म्हणेल असं तिला वाटलं. तो म्हणाला नाही. त्यानं पाय आखडून घेतले आणि तिला वाट दिली.

ती अंगणाच्या फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, इतका हळू की आत कुणाला जाऊ नये.

"सातव्याला पुढून वाजवू नकोस. पुढच्या बाजूनं आपली फरशी लावलीय मी. मागून वाजव. मागून कळेल."

तिनं मान हलवली. फाटकाची कडी आवाज न करता लावली. गल्लीच्या तोंडाशी शिंपीणबाईची हातगाडी अजून दिसत होती. वळणावर चाक अडलं होतं, आणि ती एकटीच खांदा लावून ढकलत होती. मधलीनं हातोडी पदराखाली घेतली आणि तिच्या मागं चालू लागली.